दोन खांब

माळशेज उतरताना कुणी झोपत नाही.
घाट कानाला धरून जागं ठेवतो माणसाला.
झोप खाली बसलेली असते, सपाटीला,
मुरबाड सुटलं की हात दाखवते
आणि गाडी न थांबवताच आत येते.

मागे एकशे ऐंशी क्रेट टोमॅटो, नारायणगावचे.
बाजूला लहानू, टोकावड्याचा.
मी त्याला पगार देतो तो बोलण्याचा.
क्रेट उचलतो, दोर बांधतो, ते वेगळं,
पण रात्री काम एकच: गप्प बसायचं नाही.
तो मेहुणीच्या लग्नात रुसलेल्या बँडवाल्याची गोष्ट सांगतो,
(ही चौथ्यांदा)
मग काकाच्या बकरीची, जी रोज देवळात जाऊन बसायची.
कल्याणच्या पुढे त्याची वाक्यं
क्रियापदाच्या आधीच संपायला लागतात.
"मग काकानं त्या बकरीला..."
आणि मान काचेवर.

उपाय सगळे आहेत माझ्याकडे.
लवंग दाढेखाली.
हिरवी मिरची, टोकाकडून, थोडी थोडी.
ओला पंचा मानेवर, काच खाली,
चप्पल काढून अनवाणी पाय क्लचवर.
कोकणे उस्ताद तर मिशीचा एकेक केस उपटायचे,
रिटायर झाले तेव्हा मिशी निम्मी होती.
मी हिशेब करतो, मोठ्याने:
भाडं, वजा डिझेल, वजा हमाली, वजा टायर,
वजा पोरीची फी.
उरतं ते ऐकून कुणाचीही झोप उडावी.
माझी उडत नाही.

शिळफाट्यानंतर दिव्यांचे खांब.
प्रत्येकावर पांढऱ्या रंगात आकडा,
कुणी ब्रशने घाईत लिहिलेला.
मी वाचत जातो, जपमाळ ओढावी तसा.
एकोणचाळीस.
चाळीस.
एक्केचाळीस.
चव्वेचाळीस.

हात चाकावरच होते.
गाडी सरळ होती.
डावा इंडिकेटर टिकटिकत होता, मी दिलेला नाही.
आणि पुढे टँकर, इतका जवळ
की पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेला
मालकाचा मोबाईल नंबर मला अजून पाठ आहे.

मधलं कुणी चालवलं?
मी नाही. लहानू तर नाहीच.
टोमॅटो मागे निवांत पिकत होते.

महापेला कंपनीच्या भिंतीला गाडी लावली.
हँडब्रेक ओढला, तो दोनदा तपासला, मग पुन्हा एकदा.
उस्ताद म्हणायचे, झोप उधारी ठेवत नाही,
दारात आली की हातावर काहीतरी टेकवावं.
वीस मिनिटं टेकवली.
दलालाचा फोन तीनदा थरथरला डॅशबोर्डवर,
उदबत्तीच्या राखेत.

वाशीला पोचलो तर पावणेपाच.
वरचा भाव निघून गेलेला,
क्रेटमागे तीस रुपये कमी.
शेठ म्हणाले, "काय, झोपला होतास वाटेत?"
मी म्हटलं, "हो."
पुढे काय बोलायचं ते त्यांना सुचेना.
लहानू गाळ्यासमोर डोळे चोळत उठला,
म्हणाला, "...विकून टाकलं."

घरी, कोपरखैरण्याला, दिवसा पडदा ओढून पडतो,
तेव्हा पलंग तिसऱ्या गिअरमध्ये असतो.
बायको कामाला निघताना पंखा वाढवते.
तिला टँकरचं सांगितलेलं नाही.
डब्यात मात्र आता मिरच्या दोन जास्त असतात.

रविवारी तेजलला स्कूटरवर घेऊन गेलो,
आईस्क्रीम खायचं म्हणून,
आणि उगाच शिळफाट्याकडे वळलो.
होते दोन्ही, जागच्या जागी.
बेचाळीसवर पाटी: रूम भाड्याने देणे, फक्त फॅमिली.
त्रेचाळीसवर कावळा, आणि खाली
कुणाच्या तरी गाडीची फुटलेली लाल काच.

"बाबा, काय बघताय?"
तिचं आईस्क्रीम मनगटापर्यंत ओघळलेलं.
काही नाही म्हटलं.
मोजत होतो.